पोस्टरवरची बाई कोण?

गेल्या आठ मार्चला आमच्या गटाने पत्रक काढलं, त्यावर एका बाईचं चित्र होतं. डोक्यावर रुंद कडांची गवती हॅट, हॅटखाली पिकलेले केस, काळा रापलेला चेहरा, ओठ मिटलेले. नजर आपल्याकडे नाही, दूर कुठेतरी. खाली घोषणा : 'कष्टकरी स्त्रियांच्या एकजुटीचा विजय असो!'

पत्रक छापून आलं तेव्हा मी चित्र ओळखलं. ज्या कार्यकर्तीने ते निवडलं होतं तिला विचारलं, "ही बाई कोण गं?"

"माहीत नाही ताई. फोनवर शोधताना मिळालं. छान आहे ना?"

"काढलंय कुणी?"

"ते नव्हतं लिहिलेलं."

"आणि आहे कोण ही?"

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "अशीच. म्हणजे, कष्टकरी बाई."

मूळ चित्रात त्या बाईच्या जाड जाकिटाला गळ्याशी बटण नाही. तिथे सेफ्टी पिन लावलेली आहे. आमच्या पत्रकात घोषणेला जागा हवी म्हणून चित्र हनुवटीखाली कापलं होतं. पिन गेली. चित्रकाराचं नाव नव्हतंच. परवानगी घ्यावी हे कुणाच्या मनातही आलं नाही. राहिली ती 'अशीच' बाई.

त्या मुलीला मी दोष देत नाही. आदल्या रात्री अकरा वाजता तिला "काहीतरी चित्र टाक गं" असं सांगणाऱ्यांत मीही होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी चळवळीसाठी पोस्टरं करते आहे, आणि 'अशीच' बाई चितारण्यात माझा हात कुणापेक्षा कमी नाही. म्हणून हा लेख. भांडण माझं माझ्याशी आहे. आणि मैत्रिणींनो, तुमच्याशीही आहे.

तिला घडवणारी

त्या चित्राचं नाव 'शेअरक्रॉपर'. १९५२ साली लिनोलियमवर कोरून केलेलं. शेअरक्रॉपर म्हणजे वाट्याने शेती कसणारी. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण दक्षिणेतली जमीन बहुतेक गोऱ्या मालकांच्याच ताब्यात राहिली. काळ्या कुटुंबांनी ती कसायची, पिकाचा मोठा वाटा मालकाला द्यायचा, बियाणं, अवजारं, किराणा उधारीवर घ्यायचा, आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. सालगड्याच्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. वर्षाच्या शेवटी हातात काय उरतं, तर पुढच्या वर्षाचं कर्ज. ज्या बाईच्या जाकिटाला बटणाऐवजी पिन आहे, ती या हिशेबाच्या वहीतून आलेली आहे. पिन कापली की वहीही कापली जाते. मग उरतो नुसता 'भावपूर्ण चेहरा'.

चित्र करणारी एलिझाबेथ कॅटलेट. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार. म्हणजे लाकूड, दगड, माती यांतून माणसं घडवणारी, आणि ठसा कोरून त्यावरून कागदावर छाप काढणारी. जन्म १९१५चा, वॉशिंग्टनमधला. आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील शिक्षक होते. ते तिच्या जन्माआधीच गेले. आईने नोकरी करून मुलं वाढवली.

पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कला शिकायला तिने अर्ज केला. गुणांवर निवड झाली. ती काळी आहे हे कळल्यावर प्रवेश नाकारला. मग ती हॉवर्ड विद्यापीठात शिकली, १९३५ मध्ये पदवीधर झाली. शाळेत शिकवू लागली तर तिथे काळ्या शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार. त्याविरुद्धच्या मोहिमेत ती उतरली. पुढे आयोवा विद्यापीठात गेली. तिथे वर्गात बसता येत होतं, पण काळ्या मुलींना वसतिगृहात जागा नव्हती. तिथले तिचे शिक्षक होते चित्रकार ग्रँट वुड, गोरे गृहस्थ. त्यांनी सल्ला दिला तो मात्र लाखमोलाचा : तुला जे सगळ्यात जवळून माहीत आहे ते कर. तिने दगडातून काळी आई आणि मूल कोरलं. १९४० मध्ये शिकागोच्या अमेरिकन निग्रो एक्स्पोझिशनमध्ये त्याला शिल्पकलेचं पहिलं बक्षीस मिळालं.

१९४१ मध्ये ती न्यू ऑर्लीन्सला काळ्या विद्यार्थ्यांच्या डिलर्ड विद्यापीठात शिकवत होती. गावच्या संग्रहालयात पिकासोच्या चित्रांचं प्रदर्शन आलं. संग्रहालय एका बागेत, आणि बागेत काळ्यांना पाय ठेवायची बंदी. तिने संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस ठरवून घेतला आणि विद्यार्थ्यांची बस थेट दारापर्यंत नेली. पाय बागेला लागला नाही आणि पोरांनी चित्रं पाहिली. पाणवठ्याचा आणि देवळाचा इतिहास ज्यांच्या घरात आहे, त्यांना या युक्तीतलं शहाणपणही कळेल आणि अपमानही.

आता पुढचं ऐका. कार्नेगी इन्स्टिट्यूटचं पुढे जे विद्यापीठ झालं, त्याने २००८ मध्ये तिला मानद पदवी दिली. आयोवात जिथे तिला वसतिगृहात जागा नव्हती, तिथे २०१७ मध्ये तिच्या नावाचं वसतिगृह उघडलं. २०२४ मध्ये ब्रुकलिनच्या संग्रहालयात तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि २०२५ मध्ये ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत गेलं. ती २०१२ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे ९६ व्या वर्षी वारली होती. पाट्या लावायला व्यवस्था नेहमीच तयार असते, फक्त माणूस दमून जाईपर्यंत थांबते. त्या पाट्यांचा मला राग नाही. पण तिच्या नावाची पाटी लावणं सोपं, आणि तिने काय केलं ते करणं अवघड. ते अवघड काय होतं, तिकडे येऊ.

'ती' नाही, 'मी'

१९४० नंतरच्या काही वर्षांत कॅटलेट न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर स्कूलमध्ये काम करत होती. कामकरी लोकांसाठीची ही शाळा. तिथे ती शिल्पकला शिकवायची आणि कपडे शिवायलाही शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबून आलेल्या बाया वर्गाला यायच्या. आपल्याकडे वस्तीत शिवणवर्ग चालवलेल्या कार्यकर्त्या हसतील, कारण हे त्यांनीही केलं आहे. फरक एवढाच, की आपण शिवणवर्गाकडे 'बायकांना जमवण्याचं साधन' म्हणून पाहिलं. कॅटलेटने तिथे समोर बसलेल्या बायांचे चेहरे पाहिले.

१९४६ मध्ये ती शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेली आणि १९४६-४७ मध्ये तिने पंधरा लिनोकटांची मालिका केली. त्या वेळच्या शब्दात तिचं नाव होतं 'द निग्रो वुमन'. १९८९ मध्ये तिने स्वतः ते बदलून 'द ब्लॅक वुमन' केलं. प्रत्येक चित्राखाली एक ओळ, आणि सगळी मालिका प्रथमपुरुषात बोलते. पहिल्या चित्रात नुसता चेहरा, आणि ही मी आहे असं सांगणं. मग दुसऱ्यांच्या घरी राबणारी मी. शेतात राबणारी मी. गाणारी मी. मग सोजर्नर ट्रूथ, हॅरिएट टबमन, कवयित्री फिलिस व्हीटली. त्याही मीच. कामगारांना संघटित करणारी मी, शिकणारी मी. आणि इतकं करून माझ्या वाट्याला काय आलं, तर कुंपण, बसमधली वेगळी बाकडी, वेगळी कोंदट घरं, आणि गळ्यात दोर असलेला, जमिनीवर पडलेला माझा माणूस. शेवटी पुन्हा चेहरा. बरोबरीच्या भविष्यावर हक्क सांगणारा.

या मालिकेत मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? गुलामांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन आणि लादी पुसणारी बिननावाची बाई, दोघी एकाच 'मी'मध्ये आहेत. एक वंदनीय आणि दुसरी दयनीय अशी वाटणी तिथे नाही. आपल्या सभागृहाची भिंत आठवा. एका बाजूला हार घातलेल्या सावित्रीबाई. दुसऱ्या बाजूला आपली पोस्टरं, त्यांवर 'शोषित स्त्री'. सावित्रीबाईंना नाव आहे, आणि शोषित स्त्रीला चेहरासुद्धा नाही. सावित्रीबाई 'आपल्या' आहेत आणि शोषित स्त्री ही आपण जिच्यासाठी काम करतो 'ती' आहे. सारं दुखणं या 'ती'मध्ये आहे.

"हा प्रचार झाला, कला नव्हे"

मी कलाशाळेत होते तेव्हा मोर्चासाठी केलेलं एक पोस्टर मास्तरांना दाखवलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. "जाहिरातीच्या वर्गात जा," म्हणाले. माणसं काढणं मागासलेपणाचं, आणि बाया काढायच्याच तर न्यूड काढायच्या, असा एकूण कारभार होता. कपडे घातलेली, काम करणारी, वय झालेली बाई हा 'विषय' नव्हता.

कॅटलेटच्या काळातही हेच चाललं होतं, मोठ्या प्रमाणावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कलाबाजारात अमूर्त चित्रांना भाव आला आणि माणसांच्या आकृती घडवणारे मागे पडले. अमूर्त कला वाईट असं मी म्हणत नाही. कॅटलेटने तिच्याकडून हवं ते घेतलं. १९६८ चं तिचं 'ब्लॅक युनिटी' हे लाकडी शिल्प एका बाजूने पाहिलं तर वळलेली मूठ आहे आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दोन शांत चेहरे. त्याच वर्षीच्या 'होमेज टू माय यंग ब्लॅक सिस्टर्स'मध्ये तर हात वर केलेली बाई अगदी मोजक्या वळणांत उभी केली आहे. प्रश्न शैलीचा नाही. ज्यांचा चेहरा चित्रात शेकडो वर्षं आलाच नाही, आला तर मालकिणीच्या मागे पंखा धरून आला, त्यांना "आता चेहरा काढणं जुनं झालं" असं सांगणं ही मोठी सोयीची गोष्ट आहे. ज्यांची चित्रं काढून झाली त्यांनी दुसऱ्यांना सांगायचं की आता चित्रात माणूस नको!

मेक्सिकोत तिला वेगळी माणसं भेटली. 'तायेर दे ग्राफिका पोपुलार', म्हणजे लोकांसाठी मुद्राचित्रं करणारी कार्यशाळा, तिथे १९३७ मध्ये सुरू झाली होती. संघटनांसाठी पोस्टरं, हस्तपत्रकं, साक्षरतेसाठी चित्रं, असं काम. एकाने चित्र करायचं, बाकीच्यांनी बैठकीत त्यावर बोलायचं, मग सुधारायचं. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं साधं आच्छादन. स्वस्त, मऊ, कोरायला सोपं. एका ठशातून शेकडो छाप निघतात, साध्या कागदावर निघतात, आणि ज्या बाईचं चित्र आहे तिच्या भिंतीवर ते लागू शकतं. कॅटलेट १९६६ पर्यंत या कार्यशाळेत होती. हे काही आपल्याला परकं नाही. चित्तप्रसादांनी मुंबईत राहून राबणाऱ्या मुलांची चित्रं लिनोवरच कोरली.

आणि घर? १९४७ मध्ये तिने चित्रकार फ्रान्सिस्को मोराशी लग्न केलं. तीन मुलगे झाले. मुलं लहान असताना शिल्पाचं काम मागे पडलं, मुद्राचित्रं चालू राहिली. मुलं शाळेत जाऊ लागल्यावर ती पुन्हा लाकडाकडे आणि मातीकडे वळली. थोर कलावंतांच्या चरित्रात असली वाक्यं फारशी सापडत नाहीत, कारण बहुतेक थोर कलावंतांची मुलं दुसऱ्या कुणीतरी वाढवलेली असतात. १९५८ मध्ये ती मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या कलाशाळेत शिल्पकला शिकवू लागली. त्या विभागाची प्रमुख झालेली ती पहिली बाई.

चित्राची किंमत

आपल्याकडे चित्र म्हणजे सजावट. सरकारलाही चित्र म्हणजे सजावट वाटलं असतं तर कॅटलेटचं आयुष्य सोपं झालं असतं. मेक्सिकोत रेल्वे कामगारांच्या लढ्याच्या काळात तिला अटक झाली. १९६२ मध्ये तिने मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा अमेरिकन सरकारने तिला 'नकोशी परकी' ठरवलं आणि तिच्या जन्मभूमीचं दार तिला बंद झालं. १९७० मध्ये अमेरिकेत काळ्या कलावंतांची परिषद भरली. तिला व्हिसा नाकारला. तिने मेक्सिकोतून टेलिफोनवर भाषण केलं, आणि आपण काळी क्रांतिकारी कलावंत आहोत आणि राहू, असं निक्षून सांगितलं. १९७१ मध्ये हार्लेममधल्या प्रदर्शनासाठी तिला व्हिसा मिळाला, तोही लोकांनी पत्रं लिहून दबाव आणल्यावर. अमेरिकेचं नागरिकत्व परत मिळायला २००२ साल उजाडलं.

याच काळात, १९६९ च्या डिसेंबरमध्ये, शिकागोच्या पोलिसांनी ब्लॅक पँथर पक्षाच्या फ्रेड हॅम्प्टन आणि मार्क क्लार्क या तरुणांना छापा घालून मारलं. १९७० मध्ये कॅटलेटने 'टार्गेट' हे शिल्प केलं. काळ्या पुरुषाचं ब्राँझचं मस्तक, आणि त्याच्यासमोर बंदुकीच्या नेमाची गोल चौकट. पाहणाऱ्याला त्या चौकटीतूनच चेहरा पाहावा लागतो. म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात हे शिल्पच तुम्हाला विचारतं. त्याच ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हार्लेम आणि आपल्या वस्त्या यांच्यामधलं अंतर आपण समजतो तितकं नाही.

"मला तोंड हाय"

आता माझ्या पोस्टरांकडे येते.

मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये आपण रस्त्यावर उतरलो. मी पोस्टर केलं. मोकळे सोडलेले केस, वर केलेली मूठ, साडीच्या चोपून घातलेल्या निऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. डोळे, नाक, तोंड काढलं नाही. का, तर ती 'सगळ्या बायकांचं प्रतीक'. आपण सगळ्या त्यावर खूश होतो. मथुरा आदिवासी मुलगी होती. मी काढलेल्या बाईच्या अंगावर आदिवासीपणाची एक खूणही नव्हती. चेहरा कोरा ठेवला म्हणून ती सगळ्यांची होत नाही. निऱ्या कुणाच्या होत्या? माझ्या. कुंकू कुणाचं होतं? माझ्या आईचं. माझी जात मी त्या कोऱ्या चेहऱ्याभोवती नीट रेखून ठेवली होती आणि मला ती दिसली नाही.

ती दाखवून दिली ती एका मावशींनी. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही पोस्टर-प्रदर्शन लावलं होतं. मावशी रस्ते झाडायच्या कामावर. त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ही कोन हाय?"

मी म्हटलं, "ही सगळ्या बायकांची आहे मावशी."

"हिला तोंड न्हाई."

"म्हणजे कुणीही असू शकते. तुम्हीसुद्धा."

"मी न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तोंड हाय."

आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या.

त्याच दशकात दलित स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि त्यांनी चळवळीला हेच विचारलं. १९९५ च्या सुमाराचे ते वाद आठवत असतील. आपण 'भगिनीभाव' पुढे केला. फूट पडेल म्हणालो. तोवर बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' येऊन गेलं होतं. मुक्ता साळवेचा निबंध तर १८५५ चा. चौदा-पंधरा वर्षांची मांग समाजातली मुलगी आपल्या लोकांचं दुःख स्वतःच्या तोंडाने मांडत होती. म्हणजे 'आम्ही' म्हणणाऱ्या बाया होत्याच. आपल्या भिंतीवर मात्र 'ती' लटकत राहिली.

उसना 'मी' चालणार नाही

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, चुकलं. आता मावशींचा चेहरा काढ, खाली 'मी' लिही, झालं.

नाही. इथेच खरी अडचण आहे, आणि कॅटलेटचं नाव घेऊन ती सोडवता येणार नाही. कॅटलेट स्वतः शेत कसणारी नव्हती. शिक्षकाची मुलगी, विद्यापीठात शिकलेली. तरी ती 'मी' म्हणू शकली, कारण बसमधलं वेगळं बाकडं तिच्यासाठीही होतं. बागेची बंदी तिलाही होती. तिची पदवी तिला त्या रेषेच्या पलीकडे नेत नव्हती. मला कुठल्या बाकड्यावरून उठवलं गेलं? बाई म्हणून मला खूप सोसावं लागलं, ते मी कमी लेखत नाही. पण झाडू हातात घेतलेल्या बाईच्या चित्राखाली मी 'मी' लिहिलं तर ती चोरी होईल. 'अशीच' बाई चितारण्यापेक्षा ही चोरी जास्त सफाईदार, इतकंच.

दुसऱ्या काही मैत्रिणी म्हणतात, मग आपण आपल्यापुरतंच काढावं, इतरांबद्दल बोलूच नये. हे ऐकायला नम्र वाटतं. पण ही पळवाट आहे. कागद, रंग, छापखान्याची ओळख, देणगीचे पैसे, हे सगळं आपल्या हातात ठेवून आपण गप्प बसायचं, म्हणजे भिंत पुन्हा आपलीच.

कॅटलेटकडून घ्यायचं ते तिचा 'मी' नव्हे. घ्यायचं ते तिचं साधन. स्वस्त, हातात मावणारं, शंभर छाप देणारं, आणि केलेलं काम चार जणींसमोर ठेवून बोलणी खायची तयारी. ते साधन ज्यांचा 'मी' आहे त्यांच्या हातात गेलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीत तीन दुपारी लिनोचे तुकडे आणि कोरण्या घेऊन बसलो. आठ बाया आल्या, पैकी पाच सफाईच्या कामावरच्या. मला वाटलं होतं त्या झाडू काढतील, स्वतःचे चेहरे काढतील. एकीने हजेरीची वही काढली आणि तिच्यावर मुकादमाचा भलामोठा अंगठा. हे चित्र मला शंभर वर्षांत सुचलं नसतं, कारण माझी हजेरी कुणी अशी लावलेली नाही. दुसरीने फक्त स्वतःचं नाव कोरलं. छाप काढला तर अक्षरं उलटी आली. मी समजावू लागले, तर ती म्हणाली, "कळलं. आता उलटं कोरते, सरळ येईल." आणि आलं. तिसरीने मला विचारलं, "ताई, हे काम करायचे तुमाला पैसे मिळत्यात का?" मी नाही म्हटलं. "मंग आमाला तरी मिळू द्या," ती म्हणाली. दोन दुपारचा खाडा तिला परवडणारा नव्हता. मी इतकी वर्षं फुकट पोस्टरं केली त्याचा मला अभिमान होता. फुकट काम करणं परवडतं त्यालाच अभिमान परवडतो, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून माझ्या मागण्या मांडते.

एक, यापुढे आपल्या पत्रकावर, पोस्टरवर, मासिकात जे चित्र येईल त्याखाली ते करणारीचं नाव आलं पाहिजे. चित्रातल्या बाईलाही तिच्या संमतीने नाव असलं पाहिजे. फोनवर सापडलेली बेवारशी चित्रं बंद. चित्र बेवारशी नसतं. आपण त्याचा वारसा पुसतो.

दोन, मांडववाल्याला, छापखान्याला, माइकवाल्याला पैसे देता, तसे चित्र करणारीलाही द्या. अंदाजपत्रकात ती ओळ हवी. रोजंदारीवरची बाई चित्र करायला बसली तर तिचा खाडा भरून द्या.

तीन, बिनतोंडाची बाई बंद करा. मला माहीत आहे, ती काढायला सोपी असते आणि कुणाला दुखवत नाही. कुणाला दुखवत नाही, हीच तिच्याबद्दलची माझी तक्रार आहे.

चार, पोस्टर ठरवण्याच्या बैठकीला ती माणसं असली पाहिजेत ज्यांच्याबद्दल पोस्टर आहे. आदल्या रात्री अकरा वाजता नव्हे, महिनाभर आधी.

वस्तीतल्या त्या आठ छापांचा संच आमच्या गटाच्या खोलीत दोरीला चिमटे लावून टांगला आहे. माझं १९८० चं पोस्टर मी काढून टाकलेलं नाही. ते शेजारीच आहे, खाली माझं नाव घालून. चूक माझी आहे, तर तिलाही नाव हवं.

येत्या आठ मार्चच्या पत्रकावर हजेरीची वही छापायची असं आमच्या बैठकीत ठरलं आहे. तिच्या खाली कोरणारीचं नाव असेल, तिच्या मर्जीने, आणि तिला मोबदला मिळालेला असेल. हे पटत नसेल तर तसं लिहा. भांडायचं असेल तर खोलीवर या; मंगळवारी संध्याकाळी आम्ही असतो. मात्र येताना तुमच्या गटाचं एखादं जुनं पोस्टर घेऊन या, आणि ते समोर ठेवून सांगा, ही बाई कोण?